सरांना दिलेली काळी पिशवी

ही गोष्ट माझ्या घरात कुणाला माहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवी, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते — थोडी आडवळणानं, पण सांगते.

मी अमरावतीत शिवणकाम करते. पडदे, सोफ्याची कव्हरं, बॅगा. चार वर्षांपूर्वी एक वेगळंच काम सुरू झालं — फिल्मवर फोटो काढणाऱ्या हौशी लोकांसाठी काळ्या पिशव्या. फिल्म मिट्ट अंधारात उघडावी लागते. ज्यांच्याकडे डार्करूम नाही, ते या पिशवीच्या बाह्यांतून दोन्ही हात आत घालतात, चाचपडत फिल्म रिळावर चढवतात आणि डब्यात बंद करतात. कापड दोन पदरी, शिवण दुहेरी. उजेड शिरला की फिल्म गेली.

हे मला शिकवलं अकोल्याच्या तायडे सरांनी. निवृत्त शिक्षक, गळ्यात कायम कॅमेरा. मला फोटोंचा नाद लागला तोही त्यांच्यामुळेच.

एकदा सात पिशव्या शिवल्या. सहा गिऱ्हाइकांच्या, सातवी सरांना भेट. शिवून झाल्यावर मी प्रत्येक पिशवीत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवते आणि खोली अंधारी करून बघते. सातांपैकी एकीत, बाहीच्या जोडापाशी, उजेडाची रेघ दिसली — केसाएवढी. उसवून परत शिवायला हवी होती. पण अकोल्याची गाडी गाठायची होती. मग ही कुणाला द्यायची?

इथे थांबावंसं वाटतं. पण नाही — गिऱ्हाईक पिशवी परत आणून तोंडावर मारेल, सर मारणार नाहीत, असा हिशेब मी केला. चांगल्या सहा विकल्या. ती सरांना दिली. वर त्यांचे आशीर्वादही घेतले.

महिन्याभरानं सर शेंदूरजनाघाटला बहिणीकडे गेले. तिची संत्र्याची बाग विकली गेली होती, ताबा द्यायला दोन दिवस उरले होते. झाडाझाडापाशी बहिणीला उभं करून सरांनी अख्खं रीळ काढलं. नंतर मी अकोल्याला भेटायला गेले तेव्हा ती धुतलेली फिल्म त्यांनी खिडकीशी धरली. प्रत्येक फोटोवर काळे पट्टे — उजेड शिरल्याची खूण.

“मनगट बाहेर सरकलं असन माहं,” सर म्हणाले. “हात थरथरते आता.”

“पिशवीच तर नाही ना, सर —” एवढं मी बोलले. खरंच बोलले.

“तुह्या पिशवीले काय झालं? उगा आपल्या अंगावर घेऊ नको. मास्तर मी आहो, चूक कोणाची ते मले समजते.”

ते हसले. मीही हसले. तेव्हा एक वाक्य पुरे होतं — काय अवघड होतं त्यात?

सरांनी त्याच दुपारी सगळं आवरलं. लाइट मीटर, थर्मामीटर, फिल्म धुवायचा डबा — मला दिलं. पिशवीसुद्धा. मी नको म्हणाले नाही. घरी येऊन तो जोड उसवला आणि पुन्हा शिवला. दहा मिनिटं लागली. तेव्हापासून माझ्या फिल्म मी त्याच पिशवीत उघडते.

गेल्या महिन्यात आम्ही फिल्मवाले अकोल्यात एकत्र जमलो होतो. एका नव्या मुलीनं सरांना विचारलं, “सर, तुमी फोटो काढनं काहून सोडलं?”

“हात गेले ना, बाई. मले विचारू नको, हिले विचार,” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हिनं पाह्यली ती फिल्म.”

सगळे माझ्याकडे बघत होते. सरांच्या दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप होता. जराही हलत नव्हता.

“हो,” मी म्हणाले. “पट्टे होते.”