सोवळ्यातला हात

कॉलेजच्या सुट्टीत मी पावसला काकाकडे राहायचे. काका रोज सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून पोथी वाचायचा. ऐकायला समोर कोणीतरी लागतं, म्हणून मी पाटावर बसायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, निम्मं कळायचं नाही. मग तो थांबून समजावायचा.

"ज्याचं त्याला फेडावं लागतं. घरच्या लक्ष्मीला रडवलं तर देव सोडत नाही. तुमच्या इंग्लिशमध्ये कर्मा म्हणतात ना? कर्मा!" आणि स्वतःच हसायचा.

पोथी बांधून सोवळं उतरवलं की तो काकूला मारायचा. भात चिकट झाला, कलमांना पाणी सोडायला उशीर झाला, काहीही पुरायचं. एकदा पितळी तांब्या तिच्या कानामागे बसला. रक्त मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत साकळलं. एकदा त्याने तिची बोटं कपाटाच्या फटीत धरून दार लोटलं. काकू ओरडायची नाही. दात आवळून भिंतीकडे बघायची. मी बाबांना फोन केला होता. ते म्हणाले, "त्यांच्या घरातलं आहे. तू लक्ष घालू नकोस."

हात धुताना काका शांतपणे तिला सांगायचा, "गेल्या जन्मीचं फेडत्येस. मी फक्त निमित्त."

पाळीचे चार दिवस मात्र तो तिला बोट लावत नसे. ती मागच्या पडवीत बाजूला बसायची, तिथेच जेवायची, झोपायची. तिला शिवलं तर पारायण बाटेल, याची त्याला खरोखर भीती होती. मारायला उचललेला हात मी हवेत थांबलेला पाहिला आहे.

या मे महिन्यात काकू बाजूला बसली, उठली आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बसली.

"काकू, परत?"

"कळतंय ना? मग गप ऱ्हा." ती गालाला खोबरेल चोळत होती. गाल अजून निळा होता. "लोट्याला बहिणीने कारखान्याच्या कँटीनमध्ये काम बघून ठेवलंय. असलं तोंड घेऊन गेले तर कोण ठेवील? सूज उतरली की निघाले."

दुसऱ्या दिवशी अध्यायाच्या मध्येच काका थांबला. मागच्या दाराकडे बघत राहिला.

"आत्ता तर उठली होती ही." पोथी उघडी टाकून तो उठला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. "धर्माशी खोटं बोलतेस?"

"नाही हो, खरंच—"

"खरं असू दे. काठीला विटाळ नसतो."

त्याने पडवीतली आंबे काढायची लांब काठी ओढून घेतली. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा तिने आडव्या हातावर झेलला, आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. हात कोपराखाली वाकडा लोंबला. तरी ती ओरडली नाही. त्याने तिसऱ्यांदा काठी डोक्यावर नेली.

मी पाटावरून उठून पडवीत धावले आणि त्याचा उघडा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"काका, मी बाजूला आहे."

"काय?"

"परवापासून. तशीच बसत होते पोथीसमोर."

खोटं होतं ते. आयुष्यात इतकं मोठ्याने मी कधी बोलले नसेन. त्याने काठी टाकली. माझ्या हातांकडे बघितलं, उघड्या पोथीकडे बघितलं. मला मारायला त्याचा हात वळला, पण मारायचं म्हणजे पुन्हा शिवायचं. तो विहिरीकडे धावला. एकामागून एक बादल्या अंगावर ओतल्याचा आवाज आम्ही दगडी गडग्याबाहेर येईपर्यंत ऐकू येत होता.

काकूचा हात मी माझ्या ओढणीने गळ्यात बांधला. पायात चपला नव्हत्या. पूर्णगडहून येणाऱ्या एसटीला मी हात केला. रत्नागिरीला आधी हॉस्पिटल, मग लोट्याची गाडी.

खिडकीशी बसल्यावर तिने हळूच विचारलं, "तू खरंच...?"

"नाही."

ती सुजलेल्या तोंडाने हसली. "पोथीसमोर खोटं बोललीस. फेडावं लागेल हो तुला."

"फेडीन."

तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली, आणि काकू जिवाच्या आकांताने ओरडली. सगळी गाडी मागे वळून बघायला लागली. ती थांबली नाही, ओरडतच राहिली.