सलीमचा रॉड

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली न्हाई. बायकोला न्हाई, भावाला न्हाई, आणि ज्याला पहिल्यांदा सांगायला पायजे होती त्याला तर न्हाईच न्हाई. तुमाला कावून सांगतोय? तुमी मला ओळखत न्हाईत म्हणून असंल. ओळखीच्या माणसापुढं या गोष्टीवर माझी जीभच उचलत न्हाई — आणि एरवी कुणालाबी विचारा, दत्ताची बडबड थांबवायला माणूस लावावा लागतो.

बीडातून बायपासकडं निघालं की आमचं वर्कशॉप लागतं. वेल्डिंग, चॅसीची कामं, पाटे. पाटे म्हंजे गाडीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी, ज्यांच्यावर सगळी गाडी डुलते. आज बोर्डावर माझं नाव हाय. सलीम माझ्याकडं खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवतो. लोकांना वाटतं, पहिल्यापासून असंच असंल. तसं न्हाई. आमी दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, आणि खरं सांगू का — दोघांत हात त्याचा चांगला होता.

सलीम कसा हाय ते आधी सांगतो. बुटका, अंगानं गोल, काम करताना सारखा नाकात गुणगुणणारा. गाणं कोणतं ते मला आजवर कळलं न्हाई, त्याला बी ठाऊक नसावं. कुत्र्याला असा भितो की समोर कुत्रं दिसलं तर सगळा मोंढा बाजार फिरून येईल पण त्या गल्लीतून जाणार न्हाई. भजे खायला बसलो की आधी माझ्या पुड्यातले संपवणार, मग स्वतःचे. माझी आई त्याला सल्या म्हणायची आणि पोळ्या केल्या की पहिली पुरणाची पोळी त्याच्यासाठी झाकून ठेवायची. मी पोटचा, पण मला दुसरी! मी चिडलो की म्हणायची, "तो नावाजून खातो, तू नुसता गिळतोस." आणि हा लबाड तूप वाढून घेत माझ्याकडं बघून हसायचा.

स्टिअरिंगचा रॉड म्हंजे पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारा आडवा दांडा. तो बनवावा तर सलीमनंच. रॉड खांद्याला बंदुकीसारखा लावायचा, एक डोळा मिटायचा, गुणगुणणं बंद. मग निकाल — "नवरदेव सरळ हाय." न्हाई तर — "प्यायलेला दिसतोय बे." मी मुद्दाम सपाट प्लेटवर ठेवून तपासायचो. त्याची एखादी तरी चूक सापडावी म्हणून. सापडली न्हाई. मला तव्हा राग यायचा का? यायचा. थोडासा. लई आवडत्या माणसाचा येतो तसा.

आमच्या उस्तादांचा एक नियम होता. चॅसीला ज्यानं वेल्डिंग केलं त्यानंच पहिल्या फेरीला गिऱ्हाइकाच्या शेजारी बसायचं. "अपने टाके पे पहले खुद बैठो," म्हणायचे, "फिर दुसरे को बिठाओ." उस्ताद थकून घरी बसले, वर्कशॉप आमा दोघांवर सोडलं, तरी हा नियम आमी मोडला न्हाई. गिऱ्हाइकं बी हुशार झाली होती. वेल्डिंगवाला शेजारी बसल्याशिवाय चावी फिरवत नसत.

तर अशातच पाटोद्याकडचे एक आबा त्यांची पिकप घेऊन आले. चारी चाकं ओढणारी पिकप, पण पुढच्या चाकांचे सांधे नाजूक, दोन्हीकडचे वेगवेगळे. आबांचं शेत डोंगराच्या कुशीत, वाट सगळी दगडांची. दर दोन-चार महिन्यांनी ते सांधे खिळखिळे. आबा म्हणाले, हे सगळं काढून टाका आणि जुन्या जीपला असतो तसा एकच सलग जाड अॅक्सल पुढं बसवा, खाली पाटे द्या, मग बघू दगड काय करतो ते. असं काम आमच्याकडं तोवर कुणी केलं नव्हतं. सलीम तर आबा गेल्यावर नाचलाच. खरंच नाचला, हातात पाना घेऊन.

काय दिवस होते ते! जुने सांधे गॅसकटरनं उडवले. मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून आमी साचे बनवायचो, चॅसीला लावून बघायचो, मग तोच आकार जाड पत्र्यातून काढायचो. पाटे टांगायचे हँगर, पाटे अॅक्सलवर जिथं टेकतात त्या लोखंडी बैठका — हे माझ्याकडं. रॉड सलीमकडं. दुपारी सलीमची बायको, आमची भाभी, डबा पाठवायची, त्यातली खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा आमी अॅक्सलवरच ठेवून खायचो. इतका आनंद मला मपल्या लग्नात बी झाला नव्हता. बायकोला सांगू नका.

आता माझी चूक. म्हंजे पहिली चूक.

सलग अॅक्सल बसवताना तो जरासा मागं कललेला ठेवावा लागतो. तो कल असला की वळणावरून निघताना चाकं आपसूक सरळ होतात. कल गेला, की ठराविक वेगात एखादा खड्डा लागायचा अवकाश — पुढची चाकं थडथडायला लागतात आणि स्टिअरिंग हातात ठरत न्हाई. म्हणून आमची रीत अशी, की बैठकांना आधी नुसते वेल्डिंगचे कच्चे टाके मारायचे, गाडी सगळ्या वजनासकट जमिनीवर उतरवायची, पाटे दबू द्यायचे, कल मोजायचा, आणि मगच पक्कं वेल्डिंग. पण आबांचं इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडं दुरुस्तीला गेलतं. गाडीचं पुढचं तोंड रिकामं, हलकं. पाटे फुगलेले. आणि आबांच्या वडलांनी मुहूर्त काढून ठेवलेला — अमक्या सकाळी गाडी कपिलधारला न्यायची, नारळ फोडायचा.

मी म्हणलं, थांबायचं कशाला? नजरेला बरोबर दिसतंय. मी पक्कं वेल्डिंग मारून टाकलं.

सलीम म्हणाला बी होता, "इंजिन येऊ दे की बे."

मी म्हणलं, "तू तुझा रॉड बघ."

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी इंजिन आलं, बसलं, गाडी खाली उतरवली. जुम्मा होता, सलीम नमाजला गेलता. मी एकटाच खाली आडवा झालो आणि कल मोजला. पाटे दबल्यावर अॅक्सल पुढं झुकला होता. परत मोजला. तेच. आता सगळं कापायचं, घासायचं, नव्यानं लावायचं म्हंजे मुहूर्त हुकणार, आबा बोलणार, आणि सलीम — सलीम काही बोलणार न्हाई, नुसता हसणार. मला ते हसणंच नको होतं. एवढ्यासाठी! सांगताना आज बी कान गरम होतात.

मी गाडीखालून निघालो, हात पुसले आणि स्वतःला म्हणलं, चालतंय. रस्त्यावर चालतंय सगळं.

चालतंय असं मला खरंच वाटत होतं, तर दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो असतो. बरोबर ना? मी बसलो न्हाई. सकाळी निरोप पाठवला की पोट बिघडलंय. पोटाला काही झालं नव्हतं. मी घरात पांघरूण घेऊन पडलो होतो आणि आई ओवा घेऊन उशाशी उभी होती. सलीम खिडकीतून ओरडला, "पडून राहा बे, तुझ्या वाटची फेरी मी मारतो!" मी पांघरुणातून हात हलवला. थांब म्हणायला किती वेळ लागतो? मी हात हलवला.

मांजरसुंब्याच्या घाटात एका खड्ड्यावरून गाडी गेली आणि चाकं थडथडायला लागली. आबांनी स्टिअरिंग छातीशी धरलं तरी ठरेना. गाडी कडेच्या खडकावर गेली, सलीमच्या बाजूनं. आबांना खरचटलं. सलीमची मांडी मोडली, आणि डॉक्टर आधी जिवाची खात्रीच देईनात. भाभी दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "दत्ताभाई, तुमी आलात, आता बरं होईल." मी तिच्या शेजारी बसलो.

गाडी ओढून वर्कशॉपात आणली. मी एकट्यानं सलीमचा रॉड सोडवला आणि प्लेटवर ठेवला. एवढी आदळून बी तो सरळ होता. प्लेट आणि रॉडच्या मधून नख जाईना. मी तो भंगारात टाकला. मग माझ्या बैठका कापल्या, घासल्या, बरोबर कलात लावल्या, तसाच दुसरा रॉड टाकला. कुणाला काही कळलं न्हाई.

सलीम शुद्धीवर नीट आला तव्हा त्यानं मला जवळ बोलावलं. ओठ फुटलेले. पहिला प्रश्न काय असंल? पायाचा न्हाई, आबांचा बी न्हाई.

"माझा रॉड वाकला होता का बे?"

मी — मी म्हणलं, "जरासा."

हाच तो शब्द. हेच सांगायचं होतं, आणि यासाठीच एवढं फिरून आलो. वेल्डिंग चुकणं कुणाच्या बी हातून होतं. भिऊन घरी पडणं हा भित्रेपणा झाला, आणि तो मोठाच होता. पण हा शब्द मी जाणून उच्चारला. तो माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं बघत होतो, आणि मला सरळ रॉड डोळ्यापुढं दिसत होता.

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "बरं झालं तुझं पोट बिघडलं. तुला काही झालं असतं तर आईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

पाय जुळला, पण आखूड जुळला. कुबडी घेऊन चालायला लागल्यावर तो मला म्हणाला, चल आबांकडं. पाटोद्याला गेलो. ओसरीवर चार माणसं बसलेली, त्यांच्यासमोर त्यानं आबांची माफी मागितली — चूक मपल्या रॉडची होती म्हणाला. आबा भला माणूस, त्यांनी त्याला उठून जवळ घेतलं. मी शेजारी उभा होतो. चहा आला, मी प्यालो.

त्यानंतर सलीमनं स्टिअरिंगच्या कामाला हात लावला न्हाई. गेट, जाळ्या, जिने — ज्यानं कुणाचा जीव जात न्हाई असं सगळं. मी किती समजावलं — असं लोकांना वाटतं. खरं म्हंजे मी एकदाच म्हणलं, ते बी हळू आवाजात. त्यानं सोडल्यावर ती कामं माझ्याकडं आली, नाव झालं. आष्टी, केज, परळीपासून पिकपवाले येतात. आणि सलीम? तो गिऱ्हाइकाला बाहेर चहाच्या टपरीवर सांगत असतो, दत्तासारखा हात अख्ख्या जिल्ह्यात न्हाई. आई गेली तव्हा माझ्याहून जास्त तो रडला. ईदला शीरखुर्मा सगळ्यात आधी माझ्या घरी येतो. माझ्या पोरीला सायकल त्यानं शिकवली, एका आखूड पायानं तिच्या मागं पळत, आणि मधेच कुत्रं आलं तर तिलाच पुढं करत. मला हा माणूस लई आवडतो हो. भावापेक्षा जास्त आवडतो. हे मी सूट मागायला सांगत न्हाई. आवडत्या माणसाशी मी असा वागलो, एवढंच तुमाला कळावं.

मागच्या आठवड्यात धर्मापुरीकडची एक पिकप आली. तेच काम — पुढं सलग अॅक्सल. मी सगळं रीतीनं केलं, वजन उतरवून, कल मोजून. रॉडही मीच बनवला. सलीम जाळीचं काम सोडून बघायला आला. मी म्हणलं, जरा बघ की, सरळ हाय का.

त्यानं रॉड हातात घेतला. खांद्यापर्यंत नेला. मग खाली ठेवला आणि हसून म्हणाला, "मला काय विचारतो बे? माझ्या डोळ्यात खोट हाय, तुला ठाऊकच हाय की."

वर्कशॉपात आमी दोघंच होतो. त्याच्या हातात रॉड नव्हता, माझ्या हातात काम नव्हतं, बाहेर कुणी गिऱ्हाईक थांबलं नव्हतं. तो उभा होता, मी उभा होतो. मी म्हणलं, "बरं, राहू दे."

सलीमचा रॉड सरळ होता. तुमाला आता ठाऊक झालं. त्याला अजून न्हाई.