दोनांतलं एक विमान

मैदानावर शोभेसाठी ठेवलेली दोन लढाऊ विमानं तीस वर्षं ऊनपाऊस खात उभी होती. चाकं सिमेंटात रुतवलेली, काचा पिवळ्या पडलेल्या, शेपटीच्या भोकात पाखरांची घरटी. ती दुरुस्तीसाठी वर्कशॉपला हलवायचं ठरलं, पण पंख उतरवायचे कसे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कागदपत्रं केव्हाच वाळवीच्या पोटात गेलेली. मग कुणीतरी म्हणालं, "पानाकाका आहेत की अजून!"

हवाई दलात बावीस वर्षं पाना फिरवला म्हणून हे नाव. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, बोटं मात्र शाबूत. "बाबा, शिडीवर चढायचं नाही हं," लेकीनं बजावलं. "बरं," म्हणाले आणि पहिल्याच दिवशी चढले.

डावीकडचं विमान अकरा वर्षं त्यांच्याच हाताखाली होतं. नंबर पुसला गेला होता, पण पोटावरच्या ठिगळावरून त्यांनी ते ओळखलं. ठिगळ त्यांनीच मारलेलं.

बोल्ट हलेनात. तेल सोडून दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पंखाखालचं झाकण निघालं आणि काळं पाणी भळाभळा वाहिलं. काकांनी टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. पंख धडाला धरून ठेवणारी तुळई पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत होती.

"एकच वाचवता येईल," काम बघणाऱ्या इंजिनिअर बाई म्हणाल्या. "दुसरं सुट्या भागांसाठी कापायचं. उजवंही काही धड नाही. हे तुमचं ना? मग हेच बरं आहे असं लिहून द्या."

"आतून संपलंय. हेच कापा."

"काका, थोडं इकडेतिकडे केलं तर कोण बघतंय?"

"एकदा केलंय." काका डबक्याकडे बघत बोलत होते. "असंच तिसरं विमान होतं. वरून घाई होती. इंधनाची नळी न बघताच 'तपासलं' म्हणून सही ठोकली. ते कोसळलं. वैमानिक चोवीस वर्षांचा, जागीच गेला. चौकशीत त्याचीच चूक ठरली आणि मी मूग गिळून बसलो. त्याची आई मला म्हणाली, तो निष्काळजी नव्हता हो. मी म्हटलं, नव्हता. एवढंच."

हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन लेकीला सांगितलं. ती ताटावरून उठून गेली, पण सकाळी म्हणाली, "त्या वैमानिकाच्या घरचं कुणी असेल, तर शोधूया."

दोन आठवड्यांत क्रेननं उजवं विमान ट्रेलरवर ठेवलं. डावं जागेवरच कापलं. काका कापणाऱ्यांना कुठला भाग जपायचा ते दाखवत उभे राहिले.

वैमानिकाची बहीण सापडली. सत्तरीची बाई, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी. लेक सोबत आली. काकांनी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं.

"आई सहा वर्षांपूर्वी गेली," ती म्हणाली. "शेवटपर्यंत मला विचारायची, खरंच त्याचं चुकलं असेल का गं? तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

तिनं दार लावलं. आतून कडीचा आवाज आला. लेकीनं त्यांचा दंड धरला आणि दोघं एकेक पायरी उतरू लागले.