साठ वर्षांचा ताबा

पुंडलिक दूरच्या जंगलपट्टीतल्या सुप्याच्या एका दुकानदाराचा मुलगा; घराणं मूळचं खानापूरकडचं. कायदा शिकून तो पुण्याच्या एका लॉ कॉलेजात दिवाणी कायद्याचा प्रोफेसर झाला. शिकवताना एका जागी उभा राहत नसे. खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचा. कोर्टात मात्र तो कधी उभा राहिला नव्हता. समोरून उलट प्रश्न आला की त्याची जीभ अडखळायची.

१९२७च्या मे महिन्यात तो सुट्टीला घरी आला, तेव्हा जवळच्या दिग्गी गावचा शेतकरी लखू दारात येऊन बसला. त्याचं ओढ्याकाठचं भातशेत जंगलखात्यानं सरकारी हद्दीत धरलं होतं.

“मास्तर, आज्यापासून कसतोय आमी. तुमी बोला कोर्टात.”

“सरकारविरुद्ध साठ वर्षांचा ताबा दाखवावा लागतो, लखू. कागद आहे?”

“कागद न्हाई. आई हाय.”

पुंडलिकला नाही म्हणवेना. पुढल्या वर्षी दावा लागला; तो चालवायला पुंडलिकच उभा राहिला. लखूची आई पारू लहानपणीच लग्न होऊन त्या घरात आली होती. तिची साक्ष झाली.

“वय किती आजी?” सरकारी वकिलानं विचारलं.

“त्ये कुनी मोजलंय?”

“मग साठ वर्षं कशावरून?”

पारूनं पुंडलिककडे पाहिलं. उठून तिला सावरून घेणं त्याचं काम होतं. तो नुसता कागद चाळत राहिला. दावा फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर पारूनं विचारलं, “माजं कायतरी चुकलं व्हय रं, बाबा?”

पुण्याला गेल्यावर वर्गात मुदतीचा कायदा सांगताना ‘साठ वर्षं’ एवढं बोलून पुंडलिक थांबला. पुढचं वाक्य सुचेना. आठवड्याभरात मोठी रजा टाकून तो गावाकडे परतला आणि गावोगाव म्हाताऱ्यांना जुन्या कागदांबद्दल विचारत पायी हिंडू लागला. कुठं दोन दिवस टिकला नाही. शेवटी बाजारकुणंगला गिरजा नावाच्या विधवेनं आढ्यातून बांबूची नळी काढली. तिचा आजेसासरा गावचा पंच होता. आत १८६४ सालचा मोडी कागद होता, दोन गावांच्या चराईच्या हद्दीचा. त्यात लिहिलं होतं: ‘पश्चिमेस परशूचे भातशेत.’ परशू म्हणजे लखूचा आजा.

तो कागद घेऊन पुंडलिकनं अपील केलं. अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत, हा नियम तो स्वतःच शिकवायचा. जज्जांनी विचारलं, “हा आधी का आणला नाही?”

त्याची जीभ अडखळली. मग तो म्हणाला, “मी शोधलाच नव्हता. चूक माझी आहे, या माणसांची नाही.”

जज्जांनी बराच वेळ कागद पाहिला आणि दाखल करून घेतला.

शेत सुटलं. त्याच्या वरचा लखूचा नाचणीचा उतार या दाव्यात नव्हता; तो मात्र जंगलखात्याकडेच राहिला. पुंडलिक पुन्हा शिकवू लागला, पण दिग्गीहून आलेली पत्रं खिशात घेऊनच वर्गात जाई. १९३१ साली त्यानं राजीनामा दिला.

“आता तरी स्वस्थ बसाल?” बायको सावित्रीनं विचारलं.

 नाचणीच्या उतारासाठी दावा लावण्याआधी सरकारला द्यावी लागते ती नोटीस पुंडलिक लिहीत होता.