वाऱ्याने उडालेला पत्रा

कोलशेतच्या पलीकडे, खाडीकाठच्या टेकाडावर आमचं छोटं देऊळ होतं. आम्ही ख्रिस्ती असलो तरी चर्चला देऊळच म्हणायचो. ठाण्याचे शिकलेले लोक ते ऐकून हसायचे, हसोत बिचारे. देवळाचा इतिहास विचाराल, तर गावात जितकी डोकी तितके इतिहास. कोणी म्हणे पोर्तुगिजांनी बांधलं, कोणी म्हणे वादळातून वाचलेल्या खलाशाने. माझ्या बापसाच्या मते ते आमच्या पणजोबाने बांधलं आणि पोर्तुगीज नुसते बघत उभे होते.

कोणीही बांधलेलं असो, ते टिकलं शाकारणीमुळे. मेअखेरीस एका रविवारी अख्खं गाव टेकाडावर चढायचं. बाप्ये कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा रचायचे. बाया खाली चुली मांडायच्या. वर्षभर बांधावरून ज्यांची तोंडं वाकडी, तेही एकाच शिडीवर वरखाली करायचे. तेव्हा दारूबंदी होती, म्हणून बाप्यांना किटलीतून थंडगार ‘चहा’ मिळायचा आणि तो पिऊन ते मोठमोठ्याने गायचे. देवळाची किल्ली माझ्या बापसाकडे. पगार नाही, मान नाही. काही बिघडलं की शिव्या मात्र हक्काच्या.

मग प्रगती आली. माजिवड्याकडे कारखाने उभे राहिले, पोरं मनगटाला घड्याळं बांधू लागली आणि रविवारीच नेमकी त्यांची कंबर धरू लागली. कोणीतरी अक्कल पाजळली, “कौलं काढा, पत्रे टाका. कायमची कटकट गेली!” बापूस सोडून सगळ्यांनी माना डोलावल्या. नव्या पत्र्यांखाली उन्हाळ्यात बसलं, की नरक कसा असेल हे फादरना वेगळं सांगायची गरज उरली नाही.

कटकट खरंच गेली, आणि तिच्यामागोमाग माणसंही गेली. शाकारणीच नाही, तर टेकाड चढतंय कोण? ऑक्टोबरात आमचा आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात न्यायच्या आणि त्यांच्यावर फादरांचा आशीर्वाद घ्यायचा. त्या वर्षी फादर ठाण्याहून सायकल मारत आले, तर देवळात मी, बापूस आणि नवस फेडायला आलेली शेजारची आगरीण. बाकीचे भक्त ठाण्याच्या मोठ्या देवळात. तिथे पंखे होते ना!

फादर म्हणाले, “पुढल्या वर्षीही असंच दिसलं, तर आगेरा ठाण्यालाच करू. वेदीवरची माऊलीची मूर्तीही तिकडेच नेतो.”

बापूस घरी येऊन रडला. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या घड्याळवाल्यांचा मला असा संताप आला, की एकेकाला धरून खाडीत बुचकळावं.

मेअखेरीस एका दुपारी बापूस शिडी घेऊन निघाला. मला म्हणाला, “चल पोरी, शिडी धर. नि तोंड बंद ठेव.” वर चढून त्याने एक पत्रा सोडवला, ओढत नेऊन करवंदीच्या जाळीत टाकला आणि बाहेरची घंटा बडवायला लागला. “धावा रे धावा! वाऱ्यानं पत्रा उडाला!”

त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. गाव धापा टाकत वर आलं. सगळ्यांनी आधी छपराकडे पाहिलं, मग पत्र्याकडे, मग बापसाच्या ओरबाडलेल्या हातांकडे. मी म्हटलं, आता याला धुणार! पण एका म्हाताऱ्याने आभाळाकडे बघून गंभीरपणे मान हलवली, “वारा लय खराब हाय यंदा.”

मग कोणी हातोडी आणायला पळालं, कोणी किटली. चुली पेटल्या. एक पत्रा बसवायला अख्ख्या गावाला संध्याकाळ झाली. बापसाने पोटभर शिव्या खाल्ल्या आणि असा खुशीत हसत होता, जसं काही घरात लग्न आहे. त्या वर्षीचा आगेरा टेकाडावरच, भरल्या देवळात झाला. माऊली जागेवर राहिली.

तेव्हापासून दर मेअखेरीस आमच्या टेकाडावर तो वारा सुटायचा. कुलाब्याच्या वेधशाळेला त्याची कधी खबर लागली नाही.

एका पावसाळ्यात बापूस गेला. पुढचा मे आला, तशी मी किल्ली मुठीत धरून घरात बसून राहिले. शिडी मी धरीन, पण चढणार कोण? म्हटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात घंटा वाजली. मी अनवाणीच धावत वर गेले. एक पत्रा करवंदीच्या जाळीत पडला होता आणि घड्याळवाल्यांपैकी एक घामाघूम होऊन घंटा बडवत ओरडत होता, “धावा रे धावा! वाऱ्यानं पत्रा उडाला!”

त्याच्या हातांवर करवंदीचे ओरखडे होते. मी डोळे पुसले आणि कसंबसं म्हटलं, “वारा लय खराब हाय यंदा.”