हेतल भोईरचा लिसनिंगचा पेपर

हेतल भोईर वर्गात कायम पहिल्या बाकावर बसायची. कोन गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेपासूनची ही सवय. गावातल्या बायका तिच्या आईला कौतुकानं सांगायच्या, "भामा, तुजी पोर हुशार हाय हां. सारकी बाईंच्या तोंडाकडं बगत असते." ते खरंच होतं. ती बाईंच्या तोंडाकडेच बघायची. असं का, ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं, आणि विचारावं असं कोणाला कधी वाटलं नाही.

भोईरांचं घर मोठ्या आवाजाचं. वडील तुळशीराम पाण्याचा टँकर चालवायचे. दिवसभर इंजिनाशेजारी बसून त्यांचा आवाज असा चढलेला असायचा, की त्यांनी चहा मागितला तरी शेजारी दारात येऊन बघायचे. आजी हौसा होती तोवर तिला कमी ऐकू यायचं, म्हणून सगळे तिच्याशी ओरडून बोलायचे. आजी गेली, पण ओरडून बोलणं तसंच राहिलं. अशा घरात हेतलचं काही अडलं नाही.

अडलं ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. नवीन पनवेलच्या ज्या कॉलेजात ती बी.कॉम.ला होती, तिथे नियम निघाला की कॉलेजची इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय कोणालाही कॅम्पस इंटरव्ह्यूला बसता येणार नाही. परीक्षेचे भाग दोन, रीडिंग आणि लिसनिंग, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं. विमानतळ सुरू झाल्यापासून अर्ध्या वर्गाच्या डोळ्यांपुढे तिथल्या काउंटरमागची खुर्ची होती. हेतललाही तीच हवी होती.

रीडिंगची तिला धास्ती नव्हती. वाचायचं तिला वेडच होतं. वडापाव बांधून आलेल्या कागदावरची इंग्रजी बातमीसुद्धा ती तेलाचे डाग चुकवत शेवटपर्यंत वाचायची. अडलेला शब्द मोबाइलवर शोधायची आणि दिवसभर मनात घोळवायची. सरावाच्या पेपरात रीडिंगला तिचे मार्क वर्गात सगळ्यात जास्त असायचे.

लिसनिंगला मात्र ती सगळ्यांच्या खाली. कॉम्प्युटर लॅबमध्ये हेडफोन लावून सराव चालायचा. कधी एक बाई हॉटेलात खोली घ्यायची, कधी कोणी प्राध्यापक देवमाशांवर बोलायचा, मग पडद्यावर प्रश्न यायचे. हेतलला वाटायचं, ही माणसं उशीत तोंड खुपसून बोलतायत. फिफ्टीन म्हणाली की फिफ्टी, कळायचं नाही. शब्द सुरू झाल्याचं कळायचं, संपला कुठे ते नाही. आजूबाजूची मुलंही कुरकुरायची, ॲक्सेंट कळत नाही म्हणून. त्यामुळे सगळ्यांचं तेच आपलं, असं तिनं धरलं.

इंग्रजीचे सुशांत सर तिला म्हणाले, "तुम्ही मराठी मीडियमची मुलं. कान तयार व्हायला वेळ लागतो. रोज ऐकत जा."

ती रोज ऐकू लागली. शेअर रिक्षात, भांडी घासताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना. आवाज वाढवत न्यायची, मोबाइल धोक्याची सूचना द्यायचा, ती सूचना पुसून टाकायची. व्हिडिओखाली अक्षरं उमटत असली की सगळं कळायचं. अक्षरं बंद केली की नुसती गुणगुण उरायची. "माझा कानच मठ्ठ आहे," असं ती स्वतःशी म्हणायची. म्हणजे तिला म्हणायचं असायचं, की माझं डोकं मठ्ठ आहे.

तिच्या वर्गात रिया नाखवा होती. उरणच्या कोळीवाड्यातली, वडिलांची होडी, कॉलेजसाठी पनवेलला आत्याकडे राहायची. बोलायला फटकळ आणि मनानं मोकळी. तिनं हेतलला धरलंच. कॉलेज सुटलं की दोघी वडाळे तलावाच्या काठी बाकावर बसायच्या. रिया पुस्तकातला उतारा मोठ्यानं वाचायची, मग प्रश्न विचारायची. हेतल समोर बसून सगळी उत्तरं बरोबर द्यायची.

"तुला सगळं येतं गं," रिया वैतागायची. "मग लॅबमध्ये तुझं काय होतं?"

"घाबरते मी."

"हेडफोनला घाबरतेस?"

हेतल हसायची. दुसरं काय कारण असेल, हे तिलाही सुचत नव्हतं.

एके दिवशी रियानं ठरवलं की ही भीती मोडायची. ती म्हणाली, "आज माझ्याकडे बघायचं नाही. परीक्षेत काय माझं थोबाड असणार आहे समोर?" आणि तिनं पुस्तक तोंडापुढे धरलं.

उतारा वाचून झाला.

"परत वाच," हेतल म्हणाली.

रियानं परत वाचला.

"परत. जरा हळू."

तिसऱ्यांदाही तेच. तलावात पाणकोंबड्या फिरत होत्या, हेतल त्यांच्याकडे बघत कपाळाला आठ्या घालून बसली होती. पुस्तकाआडून रिया आणखी काहीतरी बोलली.

"काय?" हेतल म्हणाली. "हळू बोल ना. इंग्रजी एवढं फास्ट नाही कळत मला."

रियानं पुस्तक खाली घेतलं. तिचा चेहरा उतरला होता.

"हेतल, हे मराठी होतं."

"काय बोललीस?"

"भूक लागलीय, भेळ खाऊया का, एवढंच बोलले."

मग रियानं पुन्हा पुस्तक वर धरलं आणि मराठीतच आणखी काही विचारलं. हेतलनं हात पुढे करून ते पुस्तक तिच्या तोंडावरून हळूच बाजूला केलं. "नको," ती म्हणाली.

हेतलनं आईला सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात आई तिला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली. काचेच्या छोट्या खोलीत बसवून हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे बसलेल्या मॅडमचा हात यंत्रावर हलताना हेतलला दिसायचा, पण आवाज यायचा नाही, आणि बटण दाबावं की नाही या विचारात तिचा अंगठा घामेजला.

नंतर मॅडमनी कागदावरची उतरती रेघ दाखवली. जाड आवाज तिला ठीक ऐकू येत होते. बारीक आवाजांच्या बाजूला रेघ एकदम खाली गेली होती.

"स, श, फ, थ, ही अक्षरं तुला जवळजवळ ऐकूच येत नाहीत," त्या म्हणाल्या. "मराठी तुझ्या रोजच्या सवयीची. समोरच्याचे ओठ बघून आणि अंदाजानं तू राहिलेल्या जागा भरत आलीस. इतकी वर्षं, आणि तुझ्याही लक्षात न येता. इंग्रजीत तो अंदाज चालत नाही. त्यात हेडफोनमध्ये ओठ कुठले?"

"औषधानं बरं व्हईल ना?" भामानं विचारलं.

"नाही. कानाच्या मशीननं थोडी मदत होईल. आणि वयाबरोबर हे वाढत जाईल. घरात अजून कोणाला होतं का असं?"

भामानं पदर तोंडाला लावला. "माज्या सासूला. शेवटी शेवटी तिला ढगाचं गडगडनंबी ऐकू येत नव्हतं."

परत येताना रिक्षात हेतलला आजी आठवत होती. ओटीवर बसलेली, कोणी काहीही म्हणालं की मान हलवून "हां, हां" करणारी. पोरं मुद्दाम तिला विचारायची, "आजी, तू लगीन करतेस का परत?" आजी हसून हां म्हणायची आणि सगळं घर हसत लोळायचं. आपण खरं काय विचारलं ते आजीला कधी कोणी समजावून सांगितलं होतं का, हे हेतलला काही केल्या आठवेना.

तुळशीरामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाले, "कोनाला सांगू नका."

"मॅडम बोलल्या दाखला काडा," भामा म्हणाली. "परीक्षेला सवलत मिलेल पोरीला."

"अपंगाचा दाखला? माज्या पोरीला?" ते उठून उभे राहिले. "उद्या सोयरीक आली की काय दाखवू, दाखला? आनि ती मशीन कानाला लावून फिरेल गावात? नाय. आपल्याला ऐकू येतं तेवडं बास हाय."

पण त्या दिवसापासून ते हेतलशी हळू बोलू लागले, आजारी माणसाशी बोलावं तसं, मान खाली घालून. घरात ज्या माणसाचं बोलणं तिला सगळ्यात बिनकष्ट कळायचं, त्याचंही आता कळेना. विचारलं तर ते म्हणायचे, "काय नाय, काय नाय," आणि बाहेर निघून जायचे.

परीक्षा जवळ आली होती. रियाच्यानं राहवलं नाही. हेतलला न विचारताच ती सुशांत सरांकडे गेली आणि सगळं सांगून आली.

सर मनानं भले होते. पण दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात आल्या आल्या ते हेतलसमोर उभे राहिले आणि एकेक शब्द तोडत, मोठ्यानं म्हणाले, "हेतल! काळजी करू नकोस! लिसनिंगला तुला वेगळ्या खोलीत बसवू! मी स्वतः समोर बसून वाचून दाखवीन! ऐकू येतंय ना?"

मागच्या बाकांवरून कोणीतरी हसलं असावं. हेतलला हसणं ऐकू आलं नाही, पण सरांची नजर रागानं मागे वळलेली तिनं पाहिली आणि ती समजली. तिनं मान हलवली. "हो सर."

तास संपल्यावर तिनं रियाला जिन्यात गाठलं.

"तुला कोणी सांगितलं होतं सांगायला?"

"मग काय, नापास होऊ द्यायचं तुला?"

"हो. नापास झाले असते तर इंग्रजी कच्चं म्हणून झाले असते. ते चाललं असतं मला."

"हेतल, अगं सर वाचून दाखवणारेत. पास होशील तू."

"भयरी म्हणून पास होईन," हेतल म्हणाली. गावात बहिऱ्या आजीला हाच शब्द होता. तो पहिल्यांदाच तिच्या तोंडून स्वतःसाठी निघाला होता, आणि तो उच्चारताना तिचा आवाज किती चढला होता हे तिला कळलं नाही. जिन्यातले सगळे थांबून बघत होते. रियानं तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिनं तो झटकला.

परीक्षेच्या दिवशी सर लॅबच्या दारात उभे होते. त्यांनी पलीकडच्या खोलीकडे हात केला, तिथे दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. हेतलनं त्या पाहिल्या. रात्रभर जागून तिनं स्वतःला समजावलं होतं की जायचं, मुकाट जाऊन बसायचं. पण मागे सगळी रांग उभी होती. तिनं मान हलवून नाही म्हटलं, आणि ती लॅबमध्ये जाऊन बाकी मुलांसारखी कॉम्प्युटरसमोर बसली.

हेडफोनमध्ये एक पुरुष आणि एक बाई बोलू लागली. बहुधा बाईच. हेतलनं डोळे मिटले, कानांवर हात दाबले. थोड्या वेळानं तिनं प्रयत्न सोडला आणि नुसतीच पर्यायांवर क्लिक करत गेली. शेजारच्या रांगेतून रिया तिच्याकडे बघत होती. हेतलनं वळून पाहिलं नाही.

निकाल लागला. रीडिंगला ती पहिली, लिसनिंगला नापास. सरांनी फेरपरीक्षेसाठी दोनदा निरोप धाडला, ती गेली नाही. रिया पास झाली, इंटरव्ह्यूतही निवडली गेली. सुरुवातीला तिचे फोन यायचे. फोनवर बोलणं हेतलला तसंही जमत नव्हतं. मेसेज आले तर ती वाचून ठेवून द्यायची. पुढे मेसेजही थांबले.

हेतल कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागली. दिवसभर कॉम्प्युटरवर बिलं आणि गाड्यांची कागदपत्रं टाइप करायची. इंग्रजी मेल आला की सगळे तिच्याकडे यायचे, तो वाचून द्यायची. फोन वाजला की ती शेजारच्याकडे सरकवायची. "माझं इंग्रजी बोलणं कच्चं आहे," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मशीन आईनं घेऊन दिली, वडिलांच्या नकळत. हेतल ती केसांखाली लपवायची. मशीननं पंख्याची घरघर ऐकवली, बांगड्यांचा आवाज ऐकवला, आई कामात सारखी उसासे टाकते हेही तिला तेव्हाच कळलं. माणसांचं बोलणं मोठं झालं, पण स्पष्ट झालं नाही. एकदा जेवताना तिचे केस मागे सरकले आणि तुळशीरामांना मशीन दिसली. त्यांचा घास हातातच राहिला. ते जेवण अर्धं टाकून उठले आणि अंगणात टँकरच्या पायरीवर जाऊन बसले.

दोन वर्षांनी रियाच्या हळदीचं आमंत्रण आलं. जायचं नाही असं हेतलनं ठरवलं होतं, पण भामानं साडी काढून ठेवली आणि तुळशीराम कोणी न सांगता शेजाऱ्याची गाडी मागून आणून उभे राहिले.

उरणच्या कोळीवाड्यात मांडवाच्या तोंडाशी डीजे लागला होता. मशीननं कानात नुसता खडखडाट होऊ लागला, म्हणून हेतलनं ती काढून पर्समध्ये टाकली. मांडवात कोणालाच कोणाचं ऐकू येत नव्हतं. माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होती, तरी अर्धं कळत नव्हतं, हातवारे चालले होते. त्या गोंधळात हेतल एका खांबाशी उभी होती, आणि पलीकडे पाटावर बसलेल्या, हळदीनं माखलेल्या रियानं तिला पाहिलं.

रियाचे डोळे भरले. मधे बायकांचा घोळका नाचत होता, उठता येण्यासारखं नव्हतं. तिथूनच ती बोलली. "अजून राग आहे का माझ्यावर?" मग थोडं थांबून, "सांग ना गं."

हेतलला शब्द न् शब्द कळला.

तिनं कानाकडे बोट नेलं, मान हलवली आणि ऐकू येत नाही अशी खूण केली. रियानं पुन्हा तेच विचारलं, ओठ आणखी मोठे करून. हेतलनं पुन्हा तीच खूण केली आणि हसली. मग कोणीतरी रियाच्या गालाला हळद फासली आणि तिचं तोंड दुसरीकडे वळलं.

हेतल जेवायला न थांबता बाहेर आली. तुळशीराम गाडीपाशी उभे होते. "एवड्यात?" त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. त्यांनी दार उघडून दिलं, आणि ती मागच्या सीटवर जाऊन बसली.