केळकरकाकांचे डोळे आणि नदीकाठचा फिनफूट

केळकरकाकांचे डोळे इतके वाईट नव्हते. चूक माझी होती.

काका मंगळवारी सकाळी गेले. हार्ट अटॅक. वेस्ट विंडसरमधल्या बहुतेकांना कळलंच असेल.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: काका रिटायर्ड डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांना भूल दिली आणि नंतर पक्षी बघितले.

मी बारावीनंतर शिकलो नाही. इथे न्यू जर्सीत एअरपोर्टची व्हॅन चालवतो. तुमच्यापैकी बरेच जण माझ्या व्हॅनमधून नुअर्कला गेले आहेत. काकाही जायचे. तशीच ओळख झाली.

गेल्या वर्षी, २००७ च्या सप्टेंबरमध्ये, ते मला साउथ आफ्रिकेला घेऊन गेले. तिथल्या क्रूगर अभयारण्यात आपली आपण गाडी चालवत फिरता येतं. गाइड नाही, जीप नाही. भाड्याची साधी टोयोटा, नकाशा आणि एकच नियम: गाडीतून उतरायचं नाही.

काकूंना प्राण्यांची भीती आणि मुलगी अमृता बिझी. म्हणून ड्रायव्हर मी.

काका म्हणाले, तिकडे डावीकडून चालवतात, आपल्या इंडियासारखं, तुला सोपं जाईल.

मी इंडियात कधी सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. गाडी न्यू जर्सीतच शिकलो. हे त्यांना विमानात सांगितलं.



त्या गाडीत सिग्नलची दांडी उजव्या हाताला होती आणि वायपरची डाव्या. माझ्या हाताला उलटी सवय. प्रत्येक वळणावर वायपर चालू.

"पाऊस आला का रे?" काका विचारायचे. दर वेळी.

मी रोज सकाळी टायर, तेल, पाणी, दिवे तपासायचो. यादी करून टिक मारायचो. काका म्हणायचे, भूल देण्याआधी पेशंटला मी एवढं तपासलं असतं तर अर्धे पेशंट घाबरून घरी गेले असते.

हत्ती दिसले, जिराफ दिसले, एक सिंहीण रस्त्यातच झोपलेली दिसली. काका दोन मिनिटं बघायचे आणि पुढे चल म्हणायचे. त्यांना फिनफूट हवा होता.

फिनफूट म्हणजे बदकासारखा पाणपक्षी. लाल चोच, लाल पाय. अतिशय लाजाळू. काठावरच्या झुकलेल्या फांद्यांखाली सावलीत पोहतो. काका आधी दोनदा आफ्रिकेला गेले होते, दोन्ही वेळा दिसला नाही.

त्यांची एक वही होती. पूर्ण पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी नीट ओळखला तरच वहीत. हालचाल दिसली, आवाज आला, दुसऱ्याने दाखवला पण आपल्याला नीट दिसला नाही, तर नाही.

आणि काकांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन मे महिन्यात ठरलं होतं. काकू भाच्याच्या लग्नाला नागपूरला जाणार होत्या, मी नसताना डोळ्याला हात लावू देणार नाही म्हणाल्या. तारीख पुढे गेली, थेट ट्रिपनंतरची मिळाली.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही नदीकाठच्या रस्त्याने हळू चाललो होतो.

"थांब. डावीकडे, फांदीखाली काहीतरी आहे."

मला काहीच दिसत नव्हतं. मी गाडी कडेला घेतली.

आणि सिग्नल दिला.

मागे नाही, पुढे नाही, मैलभर कुठेही गाडी नव्हती. तरी सिग्नल दिला. डाव्या हाताने.

कोरड्या काचेवर वायपर किंचाळला. त्याच क्षणी मला लाल चोच आणि लाल पाय दिसले. काकांची दुर्बीण डोळ्यांपर्यंत पोचेपर्यंत पाण्यावर नुसती वर्तुळं होती.

या वेळी ते पावसाबद्दल काही बोलले नाहीत.

मला काय दिसलं ते त्यांनी सविस्तर विचारून घेतलं. मग म्हणाले, तोच होता. वहीत लिहिलं नाही. आम्ही अजून तीन दिवस रोज तिथे जाऊन बसलो. तो परत आला नाही.

कॅम्पवरून त्यांनी काकूंना फोन केला. मी शेजारीच होतो. "अगं, समोर होता. डोळ्यांनी दगा दिला."

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "घरी वायपरचं बोलू नकोस. लोकांना तुझ्या गाडीत बसायचं असतं."

मी हो म्हणालो. मला बरं वाटलं, हे खरं आहे.

नंतर ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं. यंदा सप्टेंबरमध्ये पुन्हा जायचं ठरत होतं.

काल त्यांच्या घरी मी खुर्च्या लावत होतो. काकू बायकांना सांगत होत्या, मी लग्नाला गेले नसते तर ऑपरेशन वेळेवर झालं असतं, ह्यांना तो पक्षी दिसला असता. एकदा नाही, येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या.

चौथ्यांदा ऐकल्यावर मी त्यांना किचनमध्ये बोलावलं आणि सगळं सांगितलं. दांडी, हात, सिग्नल, सगळं.

काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"म्हणजे आधी ह्यांनी बघितलं?"

"हो. मला सांगितल्यावरही दिसत नव्हतं."

"किती लांब होता?"

मी अंदाज केला. कमी सांगायचं नव्हतं आणि जास्तही नाही. साठ फूट म्हणालो.

त्यांनी अमृताला हाक मारली. "तुझ्या बाबांना साठ फुटांवरचं दिसत होतं. सावलीतलं. ह्याच्याआधी."

"सिक्स्टी फीट? विथ कॅटरॅक्ट्स?"

"मग."

पदराने डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या. "जंगलात सिग्नल देतात का रे, मूर्खा? जेवून जा."

त्यानंतर आलेल्या बायकांना त्या साठ फुटांचं सांगत होत्या. लग्नाचं नाही.

ज्यांनी काकांच्या डोळ्यांनी दगा दिल्याची गोष्ट ऐकली आहे त्यांनी कृपया हे वाचावं आणि काकूंना भेटाल तेव्हा बरोबर तेच बोलावं.

काका, मनापासून नमस्कार. सावकाश जा.